मदत हवी आहे : पीएचडीच्या खुल्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) परीक्षकांच्या शंका कुठे घ्याव्यात?

नमस्कार मंडळी. सिव्हिलमध्ये पीएचडी करतोय, विषय फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅगचं जिओपॉलिमर काँक्रीट, म्हणजे सिमेंटऐवजी कोळशाची राख आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी वापरून केलेलं काँक्रीट. दोन्ही बाह्य परीक्षकांचे अहवाल अनुकूल आलेत. व्हायव्हा तीन आठवड्यांवर आलाय, बोलायला ४० मिनिटं.

एका परीक्षकांनी विचारलंय, ड्राइंग श्रिंकेज (काँक्रीट वाळताना होणारं आकुंचन) ९० दिवसांपर्यंतच का मोजलं? शंका रास्त आहे, आकुंचन काही तिथे थांबत नाही. पण नमुने आता लॅबमध्ये नाहीत, त्यामुळे नवी चाचणी शक्य नाही. लेखी उत्तर दिलंय, प्रबंधातही ही मर्यादा नोंदवलीय.

लॅबमधल्या मित्रांसमोर दोनदा सराव केला. मुद्दा शेवटी ठेवला तर घाईत उरकला जातो. सुरुवातीलाच घेतला तर ज्यांनी अहवाल वाचलेला नाही त्यांना संदर्भच लागत नाही. आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी, प्राध्यापकही ऐकायला येऊ शकतात. आधीच्या संशोधनाचा आढावा दोनच स्लाइडवर आणलाय, त्याहून कापवत नाही. गाइड सरांनी निर्णय माझ्यावर सोडलाय. शंका विचारणारे परीक्षक ऑनलाइन असणार आहेत.

ज्यांचा व्हायव्हा झालाय त्यांनी सांगा : शंकेचं उत्तर श्रिंकेजच्या आलेखापाशीच द्यावं की शेवटी वेगळ्या स्लाइडवर? आणि ९० दिवसांपुढचा अंदाज मॉडेलने काढून दाखवावा, की मोजलंय तेवढंच बोलावं?