बडोद्यात आयोडीनच्या गोळ्यांचा साठा असावा का?

रावपुराकर: काकरापारचा अणुवीजप्रकल्प बडोद्याच्या दक्षिणेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे आणि आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र प्रकल्पाभोवती १६ किलोमीटरचे, म्हणून आपल्या शहरात हा विषय कोणी काढत नाही. ११ मार्च २०१६ रोजी तिथल्या पहिल्या अणुभट्टीत ती थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली. भट्टी सुरक्षितपणे बंद झाली आणि लोकांना धोका पोहोचला नाही. परंतु पुढची घटना तशीच निभावेल असे गृहीत धरू नये. १९८६ च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर तिथून कितीतरी दूर असलेल्या पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन दिले. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या बडोद्यातल्या प्रत्येक शाळेत आणि आरोग्य केंद्रात ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

अलकापुरीची वाचक: मी असहमत आहे. ही गोळी फक्त थायरॉईडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यापुढे, ज्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ३० वर्षे आहे, तिचा काहीच उपयोग नाही. शिवाय ती किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याच्या थोडे आधी किंवा नंतरच्या काही तासांतच घ्यावी लागते, आणि चाळिशीच्या पुढे तिचा लाभ कमी होतो. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला तो मुख्यतः दूषित दुधामुळे: गाईंनी गवत खाल्ले, दुधात किरणोत्सारी आयोडीन उतरले आणि ते मुलांनी प्यायले. आपल्या शहराचे दूध गावोगावच्या संकलन केंद्रांतून येते. एवढ्या अंतरावर संशयित भागातले दूध पहिल्याच दिवशी रोखून त्याची तपासणी करणे हे साऱ्या गोळ्यांपेक्षा मोठे संरक्षण आहे. हे किरणोत्सारी आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे काही आठवडे दक्ष राहिलो, तर हा धोका बराच ओसरतो.

रावपुराकर: दुधाचे म्हणणे मला पटते, पण ते रोखण्याचा आदेश वेळेवर निघेलच कशावरून? चेर्नोबिलशेजारचे प्रिप्यात शहर रिकामे करायला सुरुवात होईपर्यंत अपघातानंतर सुमारे ३६ तास गेले. जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ च्या अणुअपघातात गोळ्यांचा साठा होता, तरी सूचना न पोहोचल्याने बहुतेक गावांत त्या वाटल्याच गेल्या नाहीत. मिहारू गावाने मात्र स्वतःच्या निर्णयावर वाटप केले. साठा जवळ असला, तरच असा निर्णय घेता येतो.

निझामपुऱ्याचा सदस्य: दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. घाबरून शहर सोडण्यानेही माणसे मरतात. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालांमुळे झालेल्या मृत्यूंची अधिकृत नोंद दोन हजारांहून अधिक आहे, आणि त्यांत वृद्ध व रुग्ण फार होते. म्हणून सूचना येईपर्यंत घरात थांबणे, दारे-खिडक्या बंद करणे, बाहेरून आल्यास वरचे कपडे काढून पिशवीत बांधणे आणि अंग धुणे, हे लोकांना आधी शिकवावे. याला गोळी लागत नाही. आणि जखमेवर लावायचे आयोडीन कोणीही पिऊ नये, ते विषारी आहे. २०११ मध्ये चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली होती, तशी ती इथेही उडू शकते.

अलकापुरीची वाचक: शाळांतून हे शिकवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. गोळ्यांचा साठा करायचाच असेल, तर तो आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या हाती असावा आणि लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांचा क्रम पहिला असावा.

रावपुराकर: क्रम मान्य आहे; शाळांचा आग्रह मात्र मी सोडत नाही, कारण कामाच्या दिवशी मुले तिथेच असतात.