मदत हवी आहे: राष्ट्रीय उद्यानावरचं धुरकं आणि कोळसा वीजकेंद्र, हरकत कशी लिहावी?

खडकवाट
अमेरिकेतल्या रीजनल हेझ नियमाखाली (राष्ट्रीय उद्यानांवरचं धुरकं कमी करण्याचा नियम) राज्याचा मसुदा आराखडा हरकतींसाठी खुला झालाय, मुदत 30 दिवसांची. पूर्वेकडच्या एका क्लास वन (हवेला कायद्याने सर्वाधिक संरक्षण असलेल्या) उद्यानापासून साधारण 200 किमीवर कोळशावर चालणारं 400 मेगावॅटचं युनिट आहे, त्याला स्क्रबर (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारं यंत्र) नाही. कंपनीचं म्हणणं: स्क्रबर वाचणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या टनामागे 9,460 डॉलरला पडतो, युनिट पाच वर्षांत बंदच करायचंय, आणि बसवला तरी उद्यानात फरक जेमतेम 0.9 डेसिव्ह्यूचा (धुरकटपणा मोजायचं एकक). राज्याने हे जसंच्या तसं उचललंय. अहवालातले आकडे असे: भांडवल 20 कोटी डॉलर, चालवण्याचा खर्च वर्षाला 80 लाख, वाचणारा सल्फर डायऑक्साइड वर्षाला 6,000 टन, व्याज 7 टक्के. 'हवा स्वच्छ ठेवा' छापाचं पत्र पाठवायचं नाहीये. बोट नेमकं कुठे ठेवू?

तोलकाटा
पहिलं बोट 'पाच वर्षां'वर. कायद्यातल्या चार निकषांपैकी (खर्च, लागणारा वेळ, ऊर्जा व इतर पर्यावरणीय परिणाम, उरलेलं आयुष्य) शेवटच्याचा वापर इथे पहिला फुगवायला झालाय. वार्षिक हप्त्याचा गुणक i(1+i)ⁿ / ((1+i)ⁿ−1), i म्हणजे व्याजदर, n म्हणजे वर्षं. 7 टक्क्यांनी पाच वर्षांना तो 0.2439 येतो, 30 वर्षांना 0.0806. म्हणजे 20 कोटींचा वर्षाचा हप्ता एकीकडे 4.88 कोटी, दुसरीकडे 1.61 कोटी. त्यात 80 लाख मिळवून 6,000 ने भागा: पाच वर्षांना 9,460 डॉलर, 30 वर्षांना सुमारे 4,020. यंत्र तेच, चुनखडी तीच.

आयुष्य कमी धरायचं तर बंद करण्याची तारीख परमिटमध्ये किंवा आराखड्यात बंधनकारक असायला हवी. गुंतवणूकदारांना दिलेलं निवेदन त्याला पुरत नाही. हरकतीत दोनच पर्याय मागा: तारीख बंधनकारक करा, नाहीतर 30 वर्षांनी हिशोब पुन्हा करा.

तोलकाटा
राहिलं: व्याजदरही तपासा. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) कॉस्ट मॅन्युअलप्रमाणे कंपनीने स्वतःचा दर पुराव्यासह दाखवायचा असतो, नाहीतर बँकेचा प्राइम रेट धरतात.

निळी धार
0.9 डेसिव्ह्यूचा आकडा कुठून आला ते बघा. डेसिव्ह्यू = 10 × ln(प्रकाशक्षय/10), प्रकाशक्षय म्हणजे हवेतून जाताना प्रकाश किती विरतो ते, 'प्रति दशलक्ष मीटर' या एककात. उद्यानातल्या मोजणीसाठी वापरतात त्या इम्प्रूव्ह समीकरणाच्या जुन्या, सोप्या रूपात अमोनियम सल्फेटचा (सल्फर डायऑक्साइडपासून हवेत बनणाऱ्या कणांचा) वाटा 3 × आर्द्रता गुणक × मायक्रोग्रॅम असा येतो. दमट हवेत गुणक 3 धरला, तर घनमीटरमागे 1 मायक्रोग्रॅम सल्फेट 9 एककं घालतं.

ही 9 एककं 100 वर पडली की फरक 0.86 डेसिव्ह्यू. तुमचा 0.9 बहुधा इथलाच. तीच 20 वर, म्हणजे स्वच्छ हवेवर पडली की फरक 3.7! आधीच मळलेल्या हवेशी तुलना केली की कुठलंही एकटं केंद्र निर्दोषच ठरणार. सगळी केंद्रं हाच हिशोब मांडतील आणि धुरकं तसंच राहील. कायद्याचं ध्येय नैसर्गिक दृश्यमानता हे आहे, तेव्हा तुलना नैसर्गिक पार्श्वभूमीशी मागा. मॉडेलच्या परिशिष्टात 'बॅकग्राउंड'चा रकाना शोधा, तो मुख्य अहवालात सापडत नाही.

खडकवाट
दोघांचे आभार. आराखड्यात आणखी एक वाक्य आहे: उद्यान 'सरळ रेषेच्या' खाली आहे, म्हणून वेगळं काही करायची गरज नाही. याला उत्तर काय?

निळी धार
ती रेषा म्हणजे 2000–2004 च्या सरासरीपासून 2064 च्या नैसर्गिक पातळीपर्यंत ओढलेली. बरीच वर्षं ईपीएची भूमिका होती की रेषेखाली असणं ही सुटका नव्हे. 2025 मध्ये ती बदलली: रेषेखाली असाल आणि चार निकषांचा विचार केला असेल, तर प्रगती पुरेशी मानायची. त्यामुळे जुनी वाक्यं चिकटवू नका. जोर 'विचार केला असेल तर' यावर द्या. चुकीच्या आयुष्याचा हिशोब हा निकषांचा विचार कसा ठरेल, हा तुमचा मुद्दा.

राखाडी
कंपनीने एकच महागडा पर्याय तपासलाय, हे कुणी म्हटलं नाही. पाच वर्षंच चालवायचंय ना? मग ड्राय सॉर्बंट इंजेक्शन का नाही? चुन्याची भुकटी किंवा ट्रोना (सोडियमचं खनिज) थेट धुराच्या नळीत फुंकतात. भांडवल वेट स्क्रबरच्या मानाने किरकोळ, खर्च मुख्यतः भुकटीचा. पिशव्यांचा फिल्टर असेल तर पिशवीवर बसलेल्या थरातही गंधक पकडला जातो. नुसता ईएसपी (विजेच्या भाराने धूळ पकडणारं यंत्र) असेल तर पकड कमी, शिवाय धुळीचा भार वाढतो. ट्रोनाने राखेत सोडियम वाढतं, मग ती सिमेंटवाले घेत नाहीत आणि राखेच्या तळ्यातून पाझरते. कंपनी हा आक्षेप घेणारच, तेव्हा चुन्याचा पर्यायही लिहून ठेवा. कमी गंधकाचा कोळसा हा तिसरा.

आणि 6,000 टन आले कुठून? ईपीएच्या कॅम्पडी साइटवर युनिटचे तासातासाचे आकडे फुकट मिळतात. पाच वर्षांचे उतरवा, चालू तास आणि हीट इनपुट (इंधनातून मिळालेली उष्णता) शेजारी लावा. आधारवर्ष म्हणून 2020 सारखं कमी चाललेलं वर्ष घेतलं असेल तर टन कमी दिसतात आणि टनामागचा खर्च आपोआप चढतो.

तोलकाटा
राखाडींचा टनांचा मुद्दा आधी लावा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसने याच मसुद्यावर काय लिहिलंय तेही काढा. जनसुनावणीच्या किमान 60 दिवस आधी राज्याने त्यांच्याशी सल्लामसलत करायची असते आणि त्यांच्या शेऱ्यांची दखल कशी घेतली ते आराखड्यात लिहावं लागतं. बऱ्याचदा अर्धा हिशोब तिथे तयार मिळतो. प्रत्येक मुद्द्याला मसुद्याचा पान क्रमांक द्या आणि स्प्रेडशीट सूत्रांसकट जोडा, पीडीएफ नको. मुदतीत लेखी न मांडलेला मुद्दा पुढे कोर्टात सहसा काढू देत नाहीत.

खडकवाट
कॅम्पडीचे आकडे उतरवतोय. टनांचा तक्ता झाला की इथेच टाकतो, नजर टाका.