पाच लाइनमन विकत मिळतील, सहावा कुठून आणाल?

मंदार_अ‍ॅनआर्बर:
काल इथे एकाने लिहिलं, "हायस्कूलची पोरं आणून त्यांना तीन वर्षं पोसायचे दिवस गेले. पोर्टल उघडलं की पाच तयार लाइनमन उचला, विषय संपला." बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. नवख्यांसाठी: हे अमेरिकन कॉलेज फुटबॉल. लाइनमन म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत करणारे पाच जण, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी.

पहिले पाच कोण हे ऑगस्टमध्ये कळतं. लाइन खरंच किती भक्कम आहे ते नोव्हेंबरात कळतं. 2023 ला ओहायो स्टेटविरुद्ध आमच्या मिशिगनचा गार्ड झॅक झिंटर याचा पाय मोडला तो प्रसंग आठवा. कार्सन बार्नहार्ट राइट टॅकलवरून गार्डवर सरकला, ट्रेंटे जोन्स टॅकलला उतरला आणि पुढच्याच प्लेवर रनिंग बॅक ब्लेक कोरम 22 यार्ड पळून टचडाउन करून आला. बार्नहार्ट आणि जोन्स दोघंही हायस्कूलमधून घेतलेले, वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी सराव केलेले. समोरच्याने स्टंट टाकला (दोघांनी अचानक जागा बदलून धडक दिली) की गार्डने कधी सोडायचं आणि टॅकलने कधी उचलायचं, हे बोलून ठरवायला वेळच नसतो. ते अंगात मुरावं लागतं. त्या वर्षी मिशिगन 15-0 राहिलं, ते सहाव्या-सातव्या माणसाच्या जिवावर.

आणि सतराव्या वर्षी लाइनमन ओळखणं हा निव्वळ अंदाज असतो. एरिक फिशर भरतीच्या यादीत पाचपैकी दोन-स्टारवाला म्हणून सेंट्रल मिशिगनला गेला आणि 2013 च्या NFL ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. टायलर लिंडरबॉम आयोवात आला तो डिफेन्सिव्ह लाइनवर. तिथे त्याला सेंटर केलं आणि सर्वोत्तम सेंटरची 2021 ची रिमिंग्टन ट्रॉफी त्याने घेतली. अशी माणसं घडवावी लागतात.

अविनाश_कोलंबस:
मंदार, सोयीचं तेवढंच सांगितलंस. त्याच 2023 च्या लाइनवर सेंटर ड्रेक न्यूजंट स्टॅनफर्डचा आणि लेफ्ट टॅकल लॅडॅरियस हेंडरसन अ‍ॅरिझोना स्टेटचा. त्याच्या आदल्या वर्षी ओलू ओलुवाटिमी व्हर्जिनियातून आला आणि एकाच मोसमात आउटलँड (लाइनमनचा मोठा पुरस्कार) आणि रिमिंग्टन दोन्ही घेऊन गेला. त्याला तुमच्याकडे कोणी घडवलं? ते पोर्टल, आणि तुमचं मात्र संस्कार?

मंदार_अ‍ॅनआर्बर:
खिंडार बुजवायला पोर्टल वापरा, माझी ना नाही. आख्खी भिंत त्याची नको. तुमच्याच 2024 च्या ओहायो स्टेट टीमकडे बघा. जॉश सिमन्स सॅन डिएगो स्टेटहून आणलेला, ऑक्टोबरात ओरेगनला जायबंदी झाला. सेंटर सेथ मॅकलॉफलिन अलाबामाहून आणलेला, नोव्हेंबरात सरावात त्याची टाच गेली. मग टीम तरली कोणामुळे? डोनोवन जॅक्सन गार्डवरून लेफ्ट टॅकलला गेला, कार्सन हिन्झमन सेंटरला आला, ल्यूक माँटगोमेरी गार्डला. तिघंही हायस्कूलमधून आणलेले. त्यातला हिन्झमन म्हणजे ज्याच्याकडून सेंटरची जागा काढून मॅकलॉफलिनला दिली होती तो. तो रुसून निघून गेला असता तर जानेवारीतली राष्ट्रीय विजेतेपदाची ट्रॉफी कोणी उचलली असती?

अविनाश_कोलंबस:
आणि त्याच जुळवाजुळवीने घरच्या मैदानावर मिशिगनविरुद्ध फक्त 10 गुण केले, तेही सांग. 13-10 ने हरलो. तो दिवस मी स्टेडियममध्ये काढलाय. मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट आमच्या मधल्या तिघांना मागे रेटत होते. हिन्झमन राहिला हे आमचं नशीब. नशिबाला धोरण म्हणायचं नाही.

केतकी_साउथबेंड:
नोत्र दामचं कोणी बोलेल का? 2024 ला लेफ्ट टॅकल जॅगुसा मोसमाआधीच जायबंदी झाला, फ्रेशमन अँथनी नॅपला उभं केलं. सेंटर क्रेग सप्टेंबरात गेला, पॅट कूगन आला. फायनलच्या आधी नॅप गेला, तर जॅगुसाच परत उतरला. एवढं होऊनही फायनल गाठली. सगळी आमची घडवलेली पोरं.

पण पुढचंही ऐका. मोसम संपल्यावर कूगन इंडियानाला गेला, स्पिंडलर नेब्रास्काला. दोघांना आम्ही वाढवलं, फळं दुसऱ्यांनी खाल्ली. म्हणून माझं मत मंदारकडे, आणि काळजी अविनाशसारखी.

शिरीष_डॅलस:
तुम्ही सगळे चाळीस-पन्नास नावांबद्दल बोलताय. खाली कोण भरडलं जातं ते मी सांगतो. माझा मुलगा हायस्कूलला गार्ड खेळला. उंची सहा फूट दोन इंच, हात आखूड, म्हणून कोणी स्कॉलरशिप दिली नाही. एका मोठ्या विद्यापीठाने "प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणून ये, दोन वर्षांत जागा मिळव" असा शब्द दिला, म्हणजे स्कॉलरशिप नाही पण संघात घेऊ. त्याने बाकीची कॉलेजं सोडली. मग खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या त्या हाउस खटल्याचा समझोता आला, 85 स्कॉलरशिप आणि वर वॉक-ऑन याऐवजी सगळे मिळून 105 चाच रोस्टर. फोन आला की आता जागा नाही. दोन मिनिटांचा फोन. ज्या सहाव्या-सातव्या माणसाचे गोडवे गाताय, तो याच रांगेतून येत होता.

अविनाश_कोलंबस:
शिरीषकाका, वाईट झालं. पण अशा मुलांना 105 मध्ये न मोजता संघात ठेवायची सोय त्या समझोत्यात नंतर घातली होती. न्यायाधीश विल्कन त्यासाठीच अडून बसल्या होत्या.

शिरीष_डॅलस:
सोय होती, पण घ्यायची की नाही ते कॉलेजच्या मर्जीवर. मर्जी झाली नाही. कागदावरची सोय तू मला सांगू नकोस, त्या मुलाच्या खोलीबाहेर मी उभा होतो. आठ महिन्यांत त्याने तीस पौंड वजन वाढवलं होतं, त्यांनीच सांगितलं म्हणून.

डॉ_मृणाल:
आता मी बोलणारच. तीस पौंड! काका, तेव्हा घरात कोणी विचारलं नाही का, की कशासाठी? मी फिजिओ आहे, ही पोरं माझ्याकडे येतात. गुडघे, पाठ, झोपेत श्वास अडकणं. टॅकल जो थॉमस विस्कॉन्सिनमध्ये घडला, NFL मध्ये ब्राउन्ससाठी सलग 10,363 स्नॅप (प्ले) खेळला, आणि थांबल्यावर पहिलं काम केलं ते वजन उतरवायचं. त्याला लाखो डॉलर तरी मिळाले. वॉक-ऑनला काय मिळतं? तुमची "तीन वर्षं मुरवा" ही भाषा म्हणजे पोराला तीनशे पौंडांपर्यंत खायला घाला, एवढाच अर्थ आहे.

शिरीष_डॅलस:
बाई, आमच्या घरात काय विचारलं ते तुम्ही विचारू नका. माझे वडील सांगलीच्या तालमीत घुमलेले. खुराक म्हणजे काय, अंग म्हणजे काय, आम्हाला कळतं. ट्रेनरच्या देखरेखीखाली वजन वाढवलं, बर्गर खाऊन नाही.

डॉ_मृणाल:
तालमीतल्या पहिलवानांचे गुडघे साठीनंतर कसे असतात, तेही तुम्हाला माहीत असेल.

शिरीष_डॅलस:
माहीत आहे. वडील दोन काठ्या घेऊन चालत. म्हणूनच सांगतो, मुलाने शरीराने किंमत मोजली, त्या बदल्यात दिलेला शब्द तरी पाळायला हवा होता. वजनाचा मुद्दा तुमचा खरा आहे. माझ्या घरावर बोट ठेवलंत ते मला आवडलं नाही.

मंदार_अ‍ॅनआर्बर:
मृणालताई, म्हणून तर मी घाई नको म्हणतोय. हळूहळू वाढवलं तर स्नायू वाढतात. रेडशर्टचा, म्हणजे सामने न खेळता फक्त सराव करायच्या वर्षाचा, उपयोग तोच. आणि वजनच सगळं असतं तर सर्वोत्तम लाइनचा 2024 चा जो मूर पुरस्कार आर्मीच्या (लष्करी अकादमीच्या) लाइनला मिळाला नसता. तिथे पोर्टलचा बाजारही नाही. तीच पोरं चार वर्षं एकत्र खेळतात.

अविनाश_कोलंबस:
आर्मी! यांकी स्टेडियमवर नोत्र दामने त्यांना 49-14 हाणलं त्याच वर्षी. दिवसभर धावायचंच असेल तर ती लाइन सुंदर आहे, मान्य. तिसऱ्या डाउनला दहा यार्ड हवे असताना क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा पेन स्टेटचा एज रशर अब्दुल कार्टर समोर उभा करा आणि मग सांगा.

केतकी_साउथबेंड:
कार्टरसमोर जॅक्सन उभा राहिला होता, तुमचाच. पेन स्टेटला, टॅकलवर नवखा. त्रास झाला, पण 20-13 जिंकलात. विकत आणलेला कोणी उभा नव्हता तिथे.

अविनाश_कोलंबस:
ठीक. जॅक्सनपुरतं तुमचं म्हणणं मानतो, आणि तोही पाच-स्टारवाला होता हे विसरू नका. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. बाकावर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला दुसरीकडून सुरुवातीच्या पाचात जागा आणि वर पैसे मिळत असतील, तर त्याने मंदारच्या नोव्हेंबरसाठी का थांबायचं?

मंदार_अ‍ॅनआर्बर:
पैसे द्या ना मग. जुलै 2025 पासून कॉलेजं थेट देऊ शकतात. सहाव्या, सातव्या, आठव्या लाइनमनला दोन-दोन वर्षांचे करार करा. तिसऱ्या नंबरच्या रिसीव्हरला देता त्यातले अर्धे इकडे वळवा.

अविनाश_कोलंबस:
वळवा म्हणे. सगळ्या खेळांना मिळून 2025-26 ची मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलरची होती. त्यातून आधी क्वार्टरबॅक घेतो, मग एज रशर, मग लेफ्ट टॅकल. आठव्या लाइनमनपर्यंत येईस्तो काय उरतं ते एकदा आकड्यांत मांड, मग बोलू.

शिरीष_डॅलस:
आठव्याचं मांडताय तर नव्वदाव्याचंही मांडा. तो फुकट खेळायला तयार होता.