चूक मीटर वाचणाऱ्याची, थकबाकी गाळेमालकाच्या बोकांडी?

गाळेमालक:
मंडळी, जरा लांबण आहे पण वाचा. स्टँडजवळ आमचं कॉम्प्लेक्स आहे, खाली दुकानं, कोपऱ्याला हॉटेल, वर पॅथॉलॉजी लॅब. सगळ्याला मिळून एकच कमर्शियल नळ, मीटरवाला. महिन्याला 18 युनिटच्या आसपास बिल यायचं, वेळेवर भरायचो, सगळ्या पावत्या फाईलला आहेत. आता महापालिकेनं रीडिंगला नवीन एजन्सी लावली, तिच्या पोरानं मीटरची काच फडक्यानं पुसली आन् म्हणला, आधीचा माणूस शेवटचा काळा आकडा लाल समजून सोडून देत होता. काळे आकडे युनिटचे, लाल लिटरचे. म्हणजे 180 चे 18 लागत गेले.

बरं, गेले. पण आता "दुरुस्त बिल" आलंय, चार वर्षांचा फरक, त्यावर मलनिस्सारण आकार, त्यावर शास्ती, आणि खाली शिक्का की मुदतीत भरा नाहीतर नळ तोडू. मीटरला सील त्यांचं, वाचणारा माणूस त्यांचा, बिल त्यांच्या कॉम्प्युटरचं, मग यात माझा दोष कुठं? मधल्या काळात हॉटेलवाला बदलला, जुना गाळा सोडून पुण्याला गेला, डिपॉझिटचा हिशोब मिटून जमाना झाला. त्याच्या कढया घासल्याचे पैसे आता मी भरू का? माझं म्हणणं सरळ आहे, चूक सापडली तिथून पुढं खरं बिल लावा, मागचं सोडा.

मोंढ्यातला:
मालक, गणित करू. 18 युनिट म्हणजे 18 हजार लिटर, दिवसाला पडले 600, म्हणजे 200 लिटरचे तीन ड्रम. तीन ड्रमात हॉटेल, लॅब आणि एवढ्या दुकानांचे संडास-बाथरूम? तुम्हाला कधी शंकाच नाही आली का ओ? बिल दहापट जास्त आलं असतं तर दुसऱ्या दिवशी झोन ऑफिसला जाऊन टेबल बडवला असता. कमी आलं तर गुपचूप फाईलला लावलं.

गाळेमालक:
बोअर आहे आमच्याकडं, त्यामुळं वाटलं बरंचसं त्यावरच भागायलंय. आणि बिल तपासणं हे माझं काम आहे का? मग त्यांना पगार कशाचा?

मोंढ्यातला:
बोअरचं नाव काढलं ते बरं केलं. ड्रेनेजचा आकार लागतो नळाच्या मीटरवर. बोअरचं पाणी वापरून झाल्यावर जातं कुठं, त्याच गटारात ना? म्हणजे ते तर तुमचं आजवर फुकटच वाहून गेलं. मीटर चुकला तो फायदा वेगळाच.

हॉटेलवाला_जालना:
सगळे मालकावर काय तुटून पडायलेत? एक गोष्ट कुणीच बोलंना. आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं असतं, चार-पाच दिवसांनी सुटतं, काही ठिकाणी आठवड्यानं. मधल्या काळात लाईन रिकामी, हवेनं भरलेली. व्हॉल्व्ह उघडला की आधी ती हवा दाबानं पुढं येते आणि मीटरचा काटा भन्नाट पळतो, नळाला तोंड लावा, नुसता फुस्स आवाज. आमच्याकडं मी स्वतः बघितलंय, हौदात थेंब नाही अन् लाल आकडे फिरायलेत. मग ते 180 युनिट सगळं पाणीच होतं हे कुणी ठरवलं? दुरुस्त करायचंच तर हवासुद्धा वजा करा.

लातूरकर_ताई:
हवेचं पटलं. पण "मागचं सोडा" हे काही पटत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं, पहिल्या फेरीला 5 लाख लिटर. घागरींच्या रांगा डोळ्यानं बघितल्यात आम्ही. या दादांचा जो फरक निघतोय, महिन्याला 162 युनिट, तो धरला तर त्या आख्ख्या गाडीचं पाणी त्यांच्या कॉम्प्लेक्सला तीन महिने पुरलं असतं. आणि घरगुती नळाला बहुतेक ठिकाणी मीटरच नाही, वर्षाची ठोक पाणीपट्टी, नळ चौथ्या दिवशी येवो की दहाव्या, पट्टी तीच. तुम्हाला सोडलेला पैसा शेवटी आमच्यासारख्यांच्याच पट्टीत चढणार की.

गाळेमालक:
ताई, रेल्वे मी नाही ओ रिकामी केली.

परभणीचा_वकील:
दोन्हीकडून भावना लई झाल्या, जरा कायद्याचं बोलू. विजेसाठी 2003 च्या कायद्यात कलम 56(2) आहे, दोन वर्षांपलीकडची रक्कम सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही. लोकं ते वाचून नाचतात. पण 2020 ला अजमेरच्या वीज कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बिलात खरोखरीची चूक झाली असेल तर दोन वर्षांनंतरसुद्धा जादा मागणी काढता येते, फक्त त्यासाठी लाईन तोडायची धमकी चालणार नाही. ही वीज झाली, पाण्याला ते कलम नाही. पण तत्त्व घ्यायला काय हरकत? पैसा मागा, नळ तोडू नका.

शास्तीला मात्र मी साफ विरोधात आहे. शास्ती असते बिल देऊनही भरलं नाही त्याला. इथं खरं बिल दिलंच नव्हतं तर उशीर कशाचा? तेवढं लेखी हरकतीत घाला, पोचपावती घ्या, मीटर तपासणी मागा. अपिलात जायचं म्हणाल तर महापालिका अधिनियमाचं कलम 406, मुदत 15 दिवस, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. तुमच्या बिलाला ते कसं लागतं हे कागद बघून तुमचा वकील सांगेल. तेव्हा "मी भरणारच नाही" म्हणत घरी बसू नका, मुदत जाते.

मोंढ्यातला:
शास्तीचं वकीलसाहेबांशी सहमत. ती माफच व्हायला पाहिजे, आणि ज्यानं चार वर्षं काच पुसली नाही त्याला नोटीस द्या. मुद्दल मात्र भरायचं, हप्ते पाडून घ्या. पाणी वापरलं गेलंय, ते कुठं हवेत नाही गेलं.

हॉटेलवाला_जालना:
हवेतूनच आलं होतं म्हणलो ना मघाशी 😄

गाळेमालक:
हप्त्याचा अर्ज उद्या देतो, शास्तीवर हरकत टाकतो. हवेचा मुद्दापण लिहितो. पण मुद्दलाचं अजून गळी उतरंना. जुन्या भाडेकरूचं मी कुठून वसूल करू? नव्या हॉटेलवाल्याला मागितले तर तो म्हणतो, मी आलो तेव्हा तुम्हीच सांगितलं पाण्याचं काही वेगळं लागत नाही.

लातूरकर_ताई:
वेगळं लागत नाही म्हणजे? मेन्टेनन्समध्ये घेत होतात का पाण्याचे?

गाळेमालक:
मेन्टेनन्समध्ये लिफ्ट, लाईट, झाडू, वॉचमन सगळंच येतं. तो विषय वेगळा आहे.

मोंढ्यातला:
वेगळा कसा? दर महिन्याला किती घेत होता तेवढा आकडा टाका इथं, 18 युनिटच्या बिलाशेजारी ठेवून बघू.