मदत हवी आहे: गर्भाशयाच्या गाठीवर फोकस्ड अल्ट्रासाउंडचा उपचार सुरक्षित आहे का?

धंतोलीची_धाकटी
माझ्या मोठ्या बहिणीच्या गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असून येथील डॉक्टरांनी पिशवी काढण्याचा सल्ला दिला आहे. पोट न उघडता ध्वनिलहरींनी गाठ जाळता येते, असे वाचले. सोमवारी शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची आहे. हा उपचार सुरक्षित आहे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

वर्धारोडकर
ताई, एवढ्यावरून उत्तर देता येणार नाही. वय किती, गाठ केवढी, ती भिंतीत आहे, आतल्या पोकळीत आहे की बाहेर देठावर लोंबते आहे आणि एमआरआय झाला आहे का, हे आधी सांगा.

सुमनकाकू
मी तीन वर्षांपूर्वी पिशवी काढून घेतली आणि त्या दिवसापासून अंगावरून जाण्याचा त्रास कायमचा संपला. गाठ जाळली तरी पिशवी तिथेच राहते, म्हणजे नव्या गाठीची भीतीही राहतेच. माझे ऐकाल तर शस्त्रक्रियाच करा.

धंतोलीची_धाकटी
काकू, पिशवी काढायची नाही म्हणूनच विचारते आहे. वय ४३, गाठ ७ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ८.४. फक्त सोनोग्राफी झाली आहे आणि तिच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅडेनोमायोसिस असाही शब्द आहे.

क्ष_किरण
अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, एमआरआयच्या मार्गदर्शनाखालील या उपचाराला २००४ मध्ये मंजुरी दिली, ती फायब्रॉइडसाठी. अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचे आतले अस्तर त्याच्या भिंतीत वाढण्याचा आजार, त्यात नव्हता. लहरी एका बिंदूवर एकवटल्या की तिथले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तेवढ्या पेशी मरतात. रुग्णाला पूर्ण भूल न देता हलके गुंगीचे औषध देतात, ते मुद्दाम, कारण पायात कळ गेली किंवा कातडी पोळली तर तिने तत्क्षणी सांगावे आणि यंत्र थांबवता यावे. नंतर काही दिवस पोटदुखी, ताप किंवा स्राव होऊ शकतो. कातडी भाजणे, पायाकडे जाणाऱ्या नसेला इजा आणि क्वचित आतड्याला इजा, हे खरे धोके आहेत.

महालची_लेक
चीनमध्ये सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅडेनोमायोसिसवरही हा उपचार होतो, त्यामुळे त्यावर चालतच नाही असे कृपया सुचवू नये. शिवाय माझ्या भाचीला या उपचारानंतर बाळ झाले, तेव्हा ताईंनी मुलाची चिंता करू नये.

क्ष_किरण
चालत नाही असे मी म्हटलेले नाही. गाठीची मंजुरी दुसऱ्या आजाराला लावू नये, एवढेच म्हटले. आणि मुलाविषयी त्यांनी विचारलेले नाही.

धंतोलीची_धाकटी
तिला दोन मुले आहेत, दोन्ही सिझर. आता तरी हो किंवा नाही सांगाल का?

वर्धारोडकर
सिझरची गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. लहरी पोटाच्या कातडीतूनच आत जातात, जुना वण त्यांची उष्णता अधिक शोषून घेतो आणि भाजण्याचा धोका तिथेच वाढतो. वणामागे आतडे चिकटलेले असेल तर चिंता आणखी मोठी. वण, आतडे आणि गाठ यांची जागा एमआरआयमध्ये कळेल. एमआरआयच्या टी-टू नावाच्या चित्रात काळी दिसणारी गाठ सहसा चांगला प्रतिसाद देते, पांढरट गाठ कमी देते.

क्ष_किरण
अजून एक. या उपचारात गाठ बाहेर काढत नाहीत, म्हणून ती तपासणीलाही जात नाही. फायब्रॉइड समजून केलेल्या शस्त्रक्रियांत सुमारे ३५० पैकी एका स्त्रीला सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची गाठ, आढळतो, असा एफडीएचा २०१४ चा अंदाज होता. म्हणून एमआरआयमध्ये शंका वाटली तर हा मार्ग घेऊ नये.

सुमनकाकू
हे मात्र मला ठाऊक नव्हते. बाळा, ८.४ वर कोणताही उपचार करण्याआधी रक्त वाढवून घ्या.

धंतोलीची_धाकटी
सोमवारी तारीख न घेता एमआरआयची चिठ्ठी मागते. तिला तांबीही बसवलेली आहे. ती तशीच राहू दिली तर चालेल का?

वर्धारोडकर
नाही. लहरींच्या मार्गात तांबी असता कामा नये. शिवाय तांबीमुळेही पाळीत रक्त जास्त जाऊ शकते, त्यामुळे एवढा रक्तस्राव गाठीमुळे किती आणि तांबीमुळे किती, हा प्रश्न सोमवारी सर्वांत आधी विचारा.