डेक्कन ट्रॅपवर पीएचडी: प्रस्ताव लिहिण्याआधी काय ठरवावं?

घाटमाथा
एमएस्सी भूविज्ञानाच्या शेवटच्या सत्राला आहे. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हा खडकाच्या (बेसाल्टच्या) भूरसायनावर पीएचडी करायची आहे. मसुदा असा: पोलादपूर–महाबळेश्वर घाटातून १५० नमुने, एक्सआरएफ आणि आयसीपी-एमएस (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजायच्या पद्धती), मग लाव्हाप्रवाहांची क्रमवारी. नेटवर (फेलोशिपची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) भर द्यावा की गेटवर (आयआयटी प्रवेशाची परीक्षा)? १५० नमुने पुरतील का? आणि नमुने घेताना नेमकं काय चुकतं?

काळापहाड
मसुद्यात काम आहे, प्रश्न नाही. मुलाखतीत पहिला आक्षेप हाच येईल. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही फॉर्मेशनची (लाव्हाप्रवाहांच्या गटांची) नावंच त्या परिसरातून आली आहेत. तिथली ढोबळ क्रमवारी केव्हाच लागलेली आहे.

प्रश्न असा हवा की दोनपैकी एक ठाम उत्तर येऊ शकेल. उदाहरणार्थ, बुशे फॉर्मेशनच्या लाव्हात खंडीय कवच भरपूर मिसळलंय, म्हणून स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचं, ८७/८६ गुणोत्तर ०.७१३च्या वर जातं. आंबेनळीत ते ०.७०४च्या आसपास असतं. मधल्या पोलादपूरमध्ये हे दूषण हळूहळू ओसरलं की एकेका प्रवाहागणिक वरखाली होत गेलं? यासाठी दोन घाटांतले सलग प्रवाह घ्या. प्रत्येक प्रवाहातून एक उत्तम नमुना, आणि दर पाच प्रवाहांमागे एकातून अर्धा-एक किलोमीटर अंतरावरचा दुसरा. म्हणजे प्रवाहाच्या आतला फरक किती, तेही कळतं. ५०-६० नमुन्यांत काम होतं. १५० गोळा करून निम्मे पैशाअभावी पडून राहण्यापेक्षा हे बरं.

समस्थानिकांची मोजणी बहुतेक विद्यापीठांत होत नाही. अहमदाबादची पीआरएल (भौतिकी संशोधन प्रयोगशाळा), हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) अशा ठिकाणी विचारावं लागतं. कोण मोजून देणार आणि खर्च कोण करणार, हे मार्गदर्शकांशी प्रवेशाआधीच बोला.

पातळ_छेद
नमुन्यांबद्दल. प्रवाहाच्या माथ्याशी आणि तळाशी पोकळ्या असतात आणि त्या झिओलाईट, कॅल्साईट या खनिजांनी भरलेल्या असतात. कॅल्साईट आला की कॅल्शियम वाढतं, झिओलाईट आला की सोडियम-पोटॅशियम बिघडतं. म्हणून मधला घट्ट गाभाच घ्या. शंका आली तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर पुढचा दगड. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेल्या खडकात आतला गोटा कधीकधी ताजा निघतो. तपकिरी साल जागेवरच हातोड्याने उडवा आणि दोन किलो निव्वळ ताजा दगड उरेल असं बघा. क्रमांक पिशवीवर आणि दगडावर, दोन्हीकडे.

उंचीची चूक सगळ्यात महाग पडते. इथले प्रवाह जवळजवळ आडवे आहेत. १५ मीटर चुकलात की नमुना भलत्याच प्रवाहात जातो. दरीत जीपीएसची उंची भरवशाची नसते. हवादाबावर चालणारा उंचीमापक घ्या आणि टोपोशीटवरच्या (सर्वेक्षण नकाशावरच्या) नोंदलेल्या उंचीशी सकाळ-संध्याकाळ जुळवा.

प्रयोगशाळेत: करवतीच्या खुणा सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने घासून काढा. दळायला अगेटचं (कठीण दगडाचं) भांडं मागा. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम मिसळतं, मग नायोबियम–टँटलम गुणोत्तर कायमचं गेलं. हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक आम्लात विरघळवताना न विरघळणारे फ्लोराइड मागे राहतात. नायट्रिक घालून दोनदा आटवा. दर खेपेला एक ब्लँक (दगडाविना नुसतं आम्ल) आणि बीएचव्हीओ-२ हे आकडे आधीच माहीत असलेलं प्रमाण द्रव्य चालवा. त्याचे आकडे ५ टक्क्यांहून जास्त हलले तर ती खेप बाद.

हायड्रोफ्लोरिकची बाटली उघडण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाने भाजल्यावर लावायचं) टेबलावर हवं, आणि खोलीत दुसरं माणूस हवं. यात तडजोड नाही.

घाटमाथा
तापवल्यावरची घट, म्हणजे एलओआय, काही जुन्या तक्त्यांत उणे दिसते. मोजणी चुकली का?

पातळ_छेद
नाही. तापवताना फेरस लोह ऑक्सिजन घेतं, वजन वाढतं. ताज्या बेसाल्टमध्ये पाणी कमी असल्याने बेरीज उणे येऊ शकते. काळजी ३ टक्क्यांच्या वर गेलं की करायची.

कडेकपार
परीक्षांचं. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,००० आणि घरभाडं. म्हणून नेट आधी. नेटच्या भाग 'ब'मध्ये वातावरण-महासागराचे प्रश्नही असतात. भूविज्ञानाची मुलं तिथेच अडतात. भाग 'क'मध्ये ८० पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, तिथे आपल्याच विषयाचे निवडता येतात. चुकलं की ३३ टक्के कापतात, अंदाजपंचे नको. २०२४ पासून 'फक्त पीएचडी प्रवेश' अशीही पात्रता मिळते, पण तिला फेलोशिप नाही आणि ती एकच वर्ष चालते. गेटचा निकाल तीन वर्षं चालतो. आयआयटीसाठी तोही द्या, त्यात भूविज्ञान विभाग निवडा.

अजून एक. कोयना अभयारण्यासारख्या भागात दगड उचलायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. विभागप्रमुखांच्या पत्रासह पावसाळ्यातच अर्ज करा. खडक नीट दिसतो तो नोव्हेंबर ते मे. परवानगी जानेवारीत आली तर अर्धा हंगाम गेला.

घाटमाथा
प्रवाहांमधल्या रेड बोलचेही (लाल मातीच्या थरांचेही) नमुने घेऊन ठेवू का?

काळापहाड
या प्रश्नासाठी नको. काही बोलमध्ये ज्वालामुखी राखेतून आलेले झिरकॉन या खनिजाचे कण सापडतात आणि त्यांवर युरेनियम–शिशाने वय काढतात, पण त्याला प्रत्येक थराची कित्येक किलो माती, झिरकॉन वेगळे करायची सोय आणि अगदी वेगळी प्रयोगशाळा लागते. वहीत जागा, जाडी आणि रंग लिहून ठेवा, फोटो काढा. माती तिथेच राहू दे.