तारीख तीच, दिवस तोच नव्हे

६ जून १६७४ चा शिवराज्याभिषेक आणि ६ जून १९४४ चे दुसऱ्या महायुद्धातले नॉर्मंडीतील (फ्रान्स) दोस्तांचे सैन्यावतरण एकाच दिवसाच्या ओळीत बसवले जातात; त्यात थोडी भर घालतो. राज्याभिषेकाची ही तारीख रायगडावर उपस्थित असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील (दूत) हेन्री ऑक्झेंडन ज्या जुन्या ज्युलियन पंचांगाने दिवस मोजत होता त्यातली आहे. इंग्रजांनी ते थेट १७५२ मध्ये सोडले, त्यामुळे आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जून ठरतो. राज्याभिषेकाच्या तिथीला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, मात्र हा गोंधळ शिवत नाही. कोल्हापुरातून तारखेच्या आणि तिथीच्या अशा दोन्ही दिवशी गडावर जाणारे लोक आहेत, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दोन्ही चौकोनांना तांबडी खूण असते!

निखळ योगायोग हवा असल्यास २६ जुलै घ्यावा. १९०२ साली याच दिवशी शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला; १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली; आणि २००५ मध्ये मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कोल्हापूरकराची नजर मात्र त्या सुमारास पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या, पुराच्या ४३ फुटांच्या धोका पातळीवरून सहसा हलत नाही.